चार जीबीचं कार्ड

खापर,
६ जानेवारी २०२५

नवनीत,

आशीर्वाद आहेत असं समज आणि पुढचं वाच. ख्यालीखुशाली जागा उरली तर लिहीन.

मला तुझ्याकडून कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड पाहिजे. हसू नको. तुझी मावशी तिसरी शिकली, पण अजितला जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून स्टुडिओच्या गल्ल्यावर मीच बसते. मशीन त्याची पोरगी ममता चालवते. माझी नात असली तरी दुकानात ती कारागीर आणि मी मालकीण. तुम्ही दोघं फोनवर बोलता तेव्हा नुसती इंग्रजी आकड्यांची भाकर थापता, आणि मला फोनमध्ये शूं-शूं सोडून काही ऐकू येत नाही. म्हणून लिहून कळवते. तूही लिहूनच उत्तर दे. आपल्या धुडकू ड्रायव्हरची गाडी रोज सुरतेला येते, त्याच्या हाती चिठ्ठी दे.

आता कारण. वरच्या पाड्यावरची नानीबाई तुला आठवत असेल, डिंक आणि चारोळी घेऊन बाजाराला येते ती. तिची पोरगी मोगी, एकोणीस वर्षांची, दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीत तुमच्या बाजूला ऊस तोडायला गेली. वीस डिसेंबरला टोळीतून दिसेनाशी झाली. मुकादम म्हणतो, "पळाली असेल कोणाबरोबर." तिचं आधारकार्ड त्यानेच नोंदीला घेतलं होतं, तेही आता सापडत नाही म्हणतो. जीभ झडत नाही मेल्याची. नानीबाई चौकीत गेली. तिथे पहिला प्रश्न फोटोचा. फोटो कुठून आणणार? शाळेतला एक होता, त्यात ती एवढीशी.

पण आपल्याकडे मोगी आहे. गेल्या मे महिन्यात रूपचंद शेठच्या मुलीची वरात ममताने शूट केली. डोक्यावर लाईटची झुंबरं घेऊन चालायला पाड्यावरच्या पोरी आणल्या होत्या, त्यांत ही. नानीबाईने स्वतः स्क्रीनला बोट लावून दाखवली. चार सेकंद आहे. उजेड डोक्यावर आणि तोंड अंधारात, त्यात नाचणाऱ्यांची धूळ. चित्र थांबवलं की तोंडाच्या जागी राखेचा गोळा दिसतो.

ममता म्हणते, एक सॉफ्टवेअर आहे, ते सगळी चित्रं चाळून चेहरा साफ करून देतं. पण कॉम्प्युटर अजितने २०१३ साली जोडून आणलेला. ते सुरू केलं की तासभर घरघरतो आणि निळा पडतो. साधा व्हिडिओही अडकत-अडकत चालतो, हवं ते चित्र पकडून छापता येत नाही. कार्ड लागेल म्हणते. फोनवरच्या ॲपने करून पाहिलं, तर ते जगातल्या सगळ्या बायकांना एकच नाक देतं.

व्हिडिओच तुझ्याकडे पाठवला असता, पण पाठवणार नाही. दुसऱ्याच्या घरच्या लेकी-सुना त्यात नाचल्या आहेत. दुकानाबाहेर व्हिडिओ द्यायचा नाही हा अजितचा नियम. तो गेला म्हणून नियम गेला नाही.

कोणतं कार्ड आणि किती दिवसांत, सरळ लिही. नानीबाई दर बाजाराला येऊन दुकानाच्या पायरीवर बसते. भांडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

तुझी
बेबीमावशी


सुरत,
८ जानेवारी

मावशी,

पाया पडतो. चिठ्ठी मिळाली. हसलो नाही, पण दुकानातल्या पोरांना वाचून दाखवली. ती म्हणाली, असं एक गिऱ्हाईक रोज यावं.

जुन्या कॉम्प्युटरला कार्ड घेणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवं जू घेण्यासारखं. जू कितीही चांगलं असो, मान पाहून घ्यावं लागतं. म्हणून आधी झाकण उघडून तीन गोष्टी कळव. मोठ्या बोर्डावर एक लांब खाच मोकळी आहे का. त्या खाचेच्या मागच्या टोकापासून पुढच्या डब्यापर्यंत जागा किती आहे. आणि विजेचा जो चौकोनी डबा असतो, त्याच्यावर वॅट किती लिहिले आहेत.

मोठी कार्डं वीज फार खातात, त्यांना डब्यातून वेगळी वायर लागते. ती आपल्या कामाची नाहीत. बाजारात दिवसरात्र राबवलेली कार्डं धुऊन-पुसून नवी म्हणून विकतात, तीही मी तुला देणार नाही. माझ्या नजरेत दोन आहेत. एक १०३० म्हणून छोटं, दोन जीबीचं, माझ्या दुकानातच आहे. उद्या धुडकूकाकांच्या गाडीत टाकतो, परवा सकाळी मशीनमध्ये बसेल. व्हिडिओ न अडकता चालेल आणि त्यातलं चांगल्यात चांगलं चित्र थांबवून प्रिंट काढता येईल. चेहरा साफ करायचं सॉफ्टवेअर मात्र त्याच्यावर चालणार नाही.

दुसरं १०५० टीआय, चार जीबीचं. वेगळी वायर लागत नाही, खाचेतूनच वीज घेतं. त्याच्यावर ते सॉफ्टवेअर चालेल. पण ते माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या मशीनमध्ये आहे, तो अठरा तारखेला नवीन घेतल्यावर मला देणार.

माझं ऐकशील तर छोटं घे. चित्र धुरकट असलं तरी आज चौकीत जाईल.

नवनीत


खापर,
९ जानेवारी

नवनीत,

झाकण उघडलं. आत एवढी धूळ होती की वाटलं अजितचाच एखादा वरातीचा रस्ता आत राहिलाय. झुरळाचं कुटुंब होतं, त्याला घर बदलायला लावलं.

लांब खाच मोकळी आहे. ब्लाउज मापायच्या टेपने मोजलं, साडेदहा इंच जागा आहे. विजेच्या डब्यावर साडेचारशे लिहिलंय. ममता म्हणते, असल्या डब्यावर लिहिलेलं निम्मं धरावं. म्हणजे निवडणुकीतल्या भाषणासारखंच.

चार जीबीचं पाठव. थांबेन.

तुझं म्हणणं वाचलं. पण चौकीतल्या माणसाला राखेचा गोळा दाखवला तर तो कागदाखाली सरकवेल आणि वर चहाचा कप ठेवेल. गरिबाचा कागद आधीच हलका, त्यावरचं तोंड तरी स्पष्ट पाहिजे. आणि दोन जीबीचं आज घेऊन चार जीबीचं उद्या, असलं फाटकं घेऊन परत शिवायचं काम मी करत नाही. घ्यायचं तर एकदाच.

नानीबाईला विचारलं, "दहा दिवस थांबशील?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं." तिला दुसरं काही बोलताच येत नाही असं मला कधीकधी वाटतं.

मावशी


सुरत,
१९ जानेवारी

मावशी,

कार्ड पाठवतोय. माझ्या मशीनमध्ये काल रात्रभर चालवून पाहिलंय, पंख्याचा आवाज नाही, गरम होत नाही. सोबत एक छोटा कनव्हर्टर आहे, तुमच्या जुन्या मॉनिटरची निळी पिन याला थेट बसत नाही म्हणून. ममताला सांग, बसवताना खाचेची क्लिप ‘टक्’ वाजली पाहिजे. आणि मॉनिटरची वायर आता कार्डाला लावायची, जुन्या जागी नाही. शंभरातले पन्नास लोक इथेच चुकतात आणि मला शिव्या देतात.

अजून एक. ते चेहऱ्याचं सॉफ्टवेअर मी इथे एकदा चालवून पाहिलं, माझ्या वडिलांच्या जुन्या फोटोवर. फोटो सुंदर आला. पण आईने पाहिला आणि म्हणाली, "हे कोण?" त्याला जे दिसत नाही ते ते अंदाजाने भरतं, मावशी. ममताने लक्ष ठेवावं.

मोगीचा काही पत्ता?

नवनीत


खापर,
२३ जानेवारी

नवनीत,

धुडकू डबा हातात घेऊन दारातूनच ओरडत आला, "हाई काय शे वं माय, बॉम्ब ते नही ना?" मी म्हटलं, "बॉम्ब राहता ते नवनीत तुन्हा हातमा देता का?"

पन्नासांतले आम्हीच. वायर जुन्या जागीच लावली. स्क्रीन काळीठिक्कर. ममता रडकुंडीला आली, मी तुला दोन शिव्या दिल्या, मग तुझी चिठ्ठी परत वाचली आणि शिव्या परत घेतल्या. त्यानंतर जो उजेड पडला तो खरा.

फोटो झाला. सोबत दोन प्रती आहेत, बघ. सॉफ्टवेअर तीन तास चाललं आणि मशीन एकदाही निळं पडलं नाही. राखेतून पोरगी वर आली. नाक, डोळे, ओठ, सगळं जागेवर. तोंडावर धुळीचे थोडे कण राहिले होते, वरातीत सगळ्यांच्याच तोंडावर आहेत. ते मी ममताला हाताने पुसायला लावले. ती म्हणाली, "आजी, राहू दे ना, चौकीतच तर द्यायचाय." मी म्हटलं, डाग असलेला फोटो आपल्या दुकानातून आजवर गेला नाही, हाही जाणार नाही. नवरीचा तीळ काढतो, सासूची मिशी काढतो, मग हिची धूळ काढायला काय झालं? रंगही थोडा उजळला. चौकीतल्या मेल्यांनी तिला रस्त्यावरची म्हणून सोडून देऊ नये.

नानीबाईला दाखवला. फार वेळ पाहत बसली. मी विचारलं, "हीच ना?" म्हणाली, "हीच. धुतलेली आहे." मला बरं वाटलं. तेवढीच एक शाबासकी मिळाली.

मग तिच्याबरोबर चौकीत गेले. या वेळी फोटो हातात घेऊन माणसाने नीट पाहिला, खुर्चीवर बसवलं, कागद भरून घेतला. अंगावरच्या खुणांचा रकाना होता. नानीबाई म्हणाली, खूण काही नाही. फोटो तुमच्याकडच्या ठाण्यांनाही पाठवतो म्हणाले.

मी कोणावर भरवसा ठेवत नाही. तू एक प्रत घेऊन तिथल्या मोठ्या दवाखान्यांत जा. खाटा पाहा आणि जिथे पाहायची इच्छा नसते तिथेही पाहा. मोगीला तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून फोटो समोर धरूनच पाहा. लवकर जा.

कार्ड चांगलं आहे. तुझ्या छोट्यावर भागलं नसतं, हे आता कबूल कर.

मावशी


सुरत,
२ फेब्रुवारी

मावशी,

लगेच जमलं नाही, दुकानात माणूस नव्हता. काल शनिवारी दुकान बंद ठेवून गेलो. तीन दवाखाने पाहिले. ममताला फोनवर एवढंच सांगितलं की आपली मोगी कुठे नाही. बाकीचं तुला लिहितो, कारण मनातून जात नाही.

तिसऱ्या दवाखान्यात मला खाली नेलं. एक अनोळखी मुलगी होती. ११ जानेवारीला हायवेवरून उचलून आणलेली, गाडीने उडवलं होतं. शुद्धीवर आलीच नाही. अठरा दिवस खाटेवर होती, २९ तारखेला गेली. वय वीसच्या आतबाहेर लिहिलं होतं. तोंड सुजलेलं, डोकं बांधलेलं. सख्ख्या आईनेही चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. तिथला माणूस म्हणाला, चेहरा सोडा, खुणा बघा. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना दोन-दोन रेघा गोंदलेल्या. मी फोटो काढला, बाजूला धरला. आपल्या फोटोत हनुवटी कोरी, डोळ्यांच्या कडा कोऱ्या. कागदावरही खूण नाही असंच. मी म्हटलं, ही आमची नाही.

त्याने माझं नाव घेतलं, सही घेतली. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि खरं सांगतो, देवाचे आभार मानले. कोणाची तरी होती बिचारी. पण आपली नव्हती.

नानीबाईला सांग, आशा ठेव.

नवनीत


खापर,
६ फेब्रुवारी

नवनीत,

धुडकू तीन दिवस सुट्टीवर होता, तुझी चिठ्ठी त्याच्या डिक्कीत पडून होती. आज दुपारी हातात आली. ममताने तुला फोन केलाच आहे, तू निघालाही असशील. तरी लिहिते. जे मी केलं ते माझ्याच हाताने लिहिलेलं बरं.

तुझी चिठ्ठी वाचली आणि ममताला म्हटलं, पहिलं चित्र काढ, साफ करायच्या आधीचं. तिने काढलं. राखेचा गोळा. "मोठं कर." मोठं केलं. धुळीचे कण सगळ्यांच्या तोंडावर होते, पण ते चित्रागणिक हलत होते. मोगीच्या हनुवटीवरचे तीन हलत नव्हते. चारही सेकंद जागच्या जागी. डोळ्यांच्या कडेलाही तसंच.

सॉफ्टवेअरने अर्धे खाल्ले. अर्धे मी पुसायला लावले.

नानीबाई वीस वर्षं माझ्यासमोर पायरीवर बसते. तिच्या हनुवटीवर तेच तीन ठिपके आहेत. आज मी ते पहिल्यांदा मोजले.

सोबत तेच धुरकट चित्र पाठवते, घेऊन परत जा. म्हण, माझी चूक झाली. माझी म्हण, तुझी नाही. तिला हलवू देऊ नको, आई येतेय म्हणून सांग.

मावशी


सुरत,
८ फेब्रुवारी

मावशी,

फोन आला तसाच धावलो होतो. उशीर झाला. माझ्या सहीनंतर तीन दिवस थांबले आणि चार तारखेला एका धर्मादाय संस्थेने बेवारस म्हणून अग्नी दिला. नियमाप्रमाणेच झालं, कोणाला बोल लावायला जागा नाही.

त्यांच्याकडे फोटो आहेत, आणि एक गाठोडं. हिरवी साडी, एका हातातलं पितळी कडं, कमरेला कापडी पिशवी. पिशवीत थोडी चारोळी होती.

तुझं धुरकट चित्र काल मिळालं, ते फोटोशेजारी ठेवलं. ठिपके जुळतात. रेघा जुळतात.

मावशी, मी एकदाच नाही म्हणालो. एवढ्या एका शब्दावर...

आणखी एक लपवलं होतं. तुझा फोटो माझ्याकडे २४ तारखेलाच आला होता. दुकानात माणूस होता. मला त्या जागी जायची हिंमत होत नव्हती म्हणून आठवडा घालवला. तेव्हा ती जिवंत होती.

नवनीत


खापर,
११ फेब्रुवारी

नवनीत,

रडू नको. रडून कागद भिजतो, बाकी काही होत नाही. तू २४ तारखेला गेला असतास तरी हातात माझाच फोटो होता. जिवंत मोगीसमोर उभा राहून तू नाहीच म्हणाला असतास. तेव्हा ते ओझं खाली ठेव. ते माझं आहे.

तू कबूल केलंस म्हणून मीही करते. तू छोटं कार्ड लगेच देत होतास. ते दहा तारखेला बसलं असतं. राखेचा गोळा का होईना, त्याच दिवशी चौकीत गेला असता, आणि त्या गोळ्यावर तीन ठिपके होते. पुढे अठरा दिवस ती खाटेवर होती. मी चार जीबीचं मागितलं ते मोगीसाठी, असं तुला लिहिलं होतं. अर्धंच खरं होतं. एप्रिलपासून लग्नं आहेत, अक्कलकुव्याच्या नव्या स्टुडिओत नवऱ्या गुळगुळीत करून मिळतात आणि आपली गिऱ्हाइकं तिकडे चालली आहेत. मला ते कार्ड दुकानाला पाहिजेच होतं. मोगी तेवढ्यात सापडली तर सापडली, असा माझा हिशेब होता. असे हिशेब तोंडाने कोणी बोलत नाही.

आणि ऐक, कार्ड परत पाठवत नाही. ते मशीनमध्येच राहील, ममताचं पोट त्याच्यावर आहे. पण काल म्हसावदची नवरी आली, तिच्या गालावरच्या तिळाला ममताने हात लावला नाही. नवरीची आई भांडून गेली. जाऊ दे.

नानीबाईला मी सांगितलं, पायरीवर नाही, आत बोलावून. धुरकट चित्र समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, माझं पुसणंही. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि धुतलेला उलटा केला.

मी विचारलं, "बाई, तू त्या दिवशी पाहिलं होतंस ना, गोंदण नाही म्हणून? मग बोलली का नाहीस?"

म्हणाली, "आधारला बसवलं तेव्हा साहेबांनी डोक्यावरचा पदर काढायला लावला होता. मला वाटलं, सरकारात फोटो द्यायचा तर गोंदणही काढायचं असतं."

"आणि खूण विचारली तेव्हा?"

"ती कसली खूण? पाड्यावर सगळ्यांनाच असतं."

मग म्हणाली, वर गेल्यावर आपली माणसं गोंदणावरूनच ओळखतात, बाकी दागिने तर लोक काढून घेतात. म्हणाली, तिला तिथे ओळखलं असेल. इथेच नाही ओळखलं. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी तिला घेऊन धुडकूच्या गाडीने येते. तू स्टँडवर उभा राहा. दवाखान्यातले फोटो आधी मी पाहीन, मग ती. गाठोडं मात्र थेट तिच्या हातात दे. आणि तिच्याकडून सगळीकडे अंगठा घेतील, तर प्रत्येक गुजराती कागद मला आधी वाचून दाखव, मोठ्याने, माझ्या कानाजवळ.

तिने एकच गोष्ट विचारलीय. अग्नी देताना तिथे कोणी बाई होती का. मला माहीत नाही म्हटलं. तू जाऊन विचारून ठेव.

नसली तरी होती म्हण.

मावशी